मुंगी भरकटते की शोधते? अन्नशोधाचा प्रकल्प करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की बडोद्यात एक प्रकल्प हमखास दिसतो. ताटात साखरेचा दाणा, एक मुंगी, वर स्टँडला अडकवलेला मोबाइल आणि मागच्या तक्त्यावर तिच्या वाटेचा वेडावाकडा नकाशा. शीर्षक ठरलेलं असतं: ‘मुंगी आणि लेव्ही वॉक’. लेव्ही वॉक म्हणजे पुष्कळ लहान टप्पे (दोन वळणांमधली सरळ अंतरं) आणि मधूनच एखादा खूप लांब टप्पा अशी चाल. विषय झकास आहे आणि खर्च जवळपास शून्य. पण दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ओट्यावर काय किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय, माती होते ती त्याच त्याच ठिकाणी. बहुतेक वेळा कागदावरच्या रेघेलाच प्राण्याची युक्ती समजलं जातं. रेघ कॅमेऱ्याची असते, ताटाच्या काठाची असते, कधी आधी जाऊन आलेल्या मुंगीची असते. हे सगळं वजा करून उरेल ते त्या मुंगीचं.

‘रँडम’ म्हणजे लांबवर जाणं नव्हे

रँडम वॉक, म्हणजे दर पावलाला वाटेल तशी वळणारी चाल, या नावाचा जन्मच प्राण्यांच्या भटकण्यातून झाला आहे. डास एका जागेवरून किती दूर पसरतात हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या डोक्यात होता. १९०५ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये छोटंसं पत्र लिहून विचारलं, की माणूस ठरावीक अंतर सरळ चालला, मग कुठल्याही दिशेला वळून पुन्हा तेवढंच चालला, असं बऱ्याचदा केलं तर तो कुठे असेल? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी उत्तर दिलं. त्यावर पिअर्सन यांनी काढलेला निष्कर्ष असा, की असा वाटेल तसा वळत चालणारा दारुडा सापडायचाच असेल तर निघाला त्या जागेच्या आसपासच सापडण्याची शक्यता जास्त.

हिशोब असा: अंतर पावलांच्या संख्येनं नाही, तिच्या वर्गमुळानं वाढतं. मुंगी सेकंदाला एक सेंटिमीटर चालते आणि दर सेंटिमीटरला वाटेल तशी वळते असं धरलं, तर तासाभरात ३,६०० पावलं होतात आणि ती सुरुवातीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असते. सरळ चालली असती तर ३६ मीटर गेली असती. खरी मुंगी या दोन्हींच्या मधे कुठेतरी असते, कारण ती मागची दिशा काही काळ धरून ठेवते. तुमच्या नोंदीत अंतराचा वर्ग वेळेच्या समप्रमाणात वाढत नसेल तर घाबरून आकडे ‘दुरुस्त’ करू नका. सुरुवातीच्या काही सेकंदांत तो जास्त वेगानं वाढायलाच हवा.

अल्बाट्रॉसची गोष्ट निम्मीच सांगणं

प्रत्येक तक्त्यावर अल्बाट्रॉसचं चित्र असतं आणि प्रत्येक तक्त्यावर गोष्ट १९९६ पाशी थांबते. ती पुढे न्या, कारण प्रकल्प करणाऱ्याला याहून उपयोगी धडा दुसरा नाही.

भटका अल्बाट्रॉस हा साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला दक्षिण महासागरातला पक्षी. दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर काही पक्ष्यांच्या पायाला एक यंत्र बांधलं होतं. यंत्र एवढंच नोंदवायचं, की पाय ओला आहे की कोरडा. ओला म्हणजे पक्षी पाण्यावर उतरला, कोरडा म्हणजे उडतोय. या नोंदींवरून गांधी विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, की उड्डाणांच्या वेळा पॉवर लॉ पाळतात: पुष्कळ लहान उड्डाणं, मधूनच एखादं प्रचंड लांब. फ्रेंच गणितज्ञ पॉल लेव्ही यांच्या नावानं ओळखली जाणारी चाल ती हीच. १९९९ मध्ये त्याच गटानं गणितानं दाखवलं, की अन्न विरळ असेल आणि एकदा सापडलेल्या जागी पुन्हा मिळू शकत असेल, तर या पॉवर लॉचा घातांक (लांब टप्पे किती दुर्मीळ होत जातात ते सांगणारा आकडा) दोनच्या आसपास असणं फायद्याचं.

आता पुढचा भाग. २००७ मध्ये अँड्र्यू एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या, शिवाय जास्त बारकाईनं घेतलेल्या नव्या नोंदी मिळवल्या. तेव्हा लक्षात आलं, की जी सगळ्यात लांब ‘उड्डाणं’ होती ती फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी होती. पक्षी तेव्हा उडत नव्हताच, बेटावर जमिनीवर बसला होता. पाय कोरडा, म्हणून यंत्राच्या लेखी उड्डाण! ते तुकडे काढल्यावर पॉवर लॉ गायब. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट ही, की या शोधनिबंधाच्या लेखकांत विश्वनाथन स्वतः होते. आपल्याकडे प्रदर्शनात निष्कर्ष चुकला तर मुलं तक्ता उलटा करून ठेवतात.

गोष्ट तिथेही संपत नाही. २०१० मध्ये खुल्या समुद्रातल्या १४ जातींच्या शिकारी माशांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अन्न विरळ असलेल्या पाण्यात लेव्हीसारखी चाल आणि मुबलक अन्नाच्या पाण्यात साधी ब्राउनियन चाल (खूप लांब टप्पे नसलेली), असा एकूण कल दिसला. २०१२ मध्ये काही अल्बाट्रॉसांच्या वाटांत पुन्हा लेव्ही सापडली. म्हणजे तक्त्यावर ‘अल्बाट्रॉस लेव्ही वॉक करतो’ असं सरसकट लिहिणंही चूक, आणि ‘ते सगळं खोटं ठरलं’ म्हणणंही चूक.

तुमच्या ओट्यावरचा ‘कोरडा पाय’ शोधा. मुंगी थांबून मिशा साफ करत होती का? दुसरी मुंगी भेटली म्हणून अडली का? दाणा सापडल्यावर ती वारुळाकडे सरळ निघाली ती वाट तुम्ही शोधात तर धरली नाहीत ना? शोधणं आणि घरी परतणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एकाच यादीत मिसळल्या की खोटे लांब टप्पे आपोआप तयार होतात.

फ्रेम, काठ आणि वास

मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. प्रत्येक फ्रेमवर मुंगीची जागा बोटानं टिपलीत तर बोट एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, आणि मुंगी बिचारी सरळ चालली तरी कागदावर ती थरथरत वळणं घेताना दिसेल. उलट दर दहा सेकंदांनी टिपलं तर खरी वळणं कापली जातील. उपाय सोपा आहे: त्याच चित्रीकरणातून अर्धा, एक, दोन आणि पाच सेकंदांच्या अंतरानं वेगवेगळ्या नोंदी काढा. निष्कर्ष अंतर बदलताच बदलत असेल तर तो मुंगीचा नाही, तुमच्या घड्याळाचा आहे.

ताट वापरू नका. मुंग्यांना कडेला चिकटून चालायची सवय असते. ताटाच्या काठानं ती जी लांबलचक फेरी मारते तीच आलेखात ‘लेव्ही उडी’ म्हणून मिरवते. जमिनीवर मोठा पांढरा कागद पसरा आणि कागदाच्या कडेजवळच्या नोंदी सोडून द्या.

कागद दर वेळी नवा. मुंगी वासाचा माग सोडते आणि दुसरी त्यावरून चालते, तेव्हा दुसरीची वाट रँडम असण्याचा प्रश्नच येत नाही. ‘मुंग्यांना सर्वांत जवळचा रस्ता कळतो’ हे वाक्यही जपून लिहा. १९८९ च्या प्रसिद्ध प्रयोगात अर्जेंटाइन मुंग्यांना वारूळ आणि अन्न यांमध्ये एक लांब आणि एक आखूड असे दोन पूल दिले होते. आखूड पुलावरच्या मुंग्या लवकर परततात, म्हणून तिथे माग लवकर साठतो आणि हळूहळू सगळ्या तिकडे वळतात. पण आधी फक्त लांब पूल देऊन आखूड पूल नंतर जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्या लांब पुलावरच अडकून राहिल्या.

एक्सेलची सरळ रेघ

टप्प्याची लांबी आणि तो किती वेळा आला, या दोन्ही अक्षांवर लॉग घ्यायचा, ठिपके मांडायचे, ‘ट्रेंडलाइन’वर क्लिक करायचं, आर-वर्ग (रेघ ठिपक्यांशी किती जुळते त्याचा आकडा) ०.९५ आला की लेव्ही सिद्ध! ही चूक शिकलेसवरलेलेही करतात. लॉग-लॉग कागदावर पुष्कळ गोष्टी सरळ दिसतात, शेवटचे दोन-तीन ठिपके सोडले की आणखीनच.

त्यापेक्षा टप्प्यांची कच्ची यादी घ्या. सर्वांत लहान ग्राह्य टप्पा ठरवा. प्रत्येक टप्प्याला त्यानं भागून नैसर्गिक लॉग काढा, सगळ्यांची बेरीज करा, टप्प्यांच्या संख्येला त्या बेरजेनं भागा आणि एक मिळवा. हा तुमचा घातांक. तो एक आणि तीनच्या मधे असेल तर लेव्हीबद्दल बोलता येतं. तीनच्या वर असेल तर पुष्कळ टप्प्यांनंतर चाल ब्राउनियनसारखीच वागते. मग त्याच यादीवर साधं एक्स्पोनेन्शियल वाटपही (ज्यात लांब टप्पे झपाट्यानं कमी होत जातात) बसवून पाहा आणि दोन्हींपैकी कुणाची संभाव्यता जास्त येते ते लिहा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या टप्प्यात शंभर पटींचाही फरक नसेल तर पॉवर लॉचं नावच काढू नका. दहा मुंग्यांचे टप्पे एकत्र ओतणं टाळा: सरळसाध्या पण वेगवेगळ्या वेगाच्या चाली मिसळल्या की मिश्रण लेव्हीसारखं दिसू शकतं.

टिटवीचं थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे

मुंगीचा कंटाळा आला असेल तर सकाळी कमाटीबागेत जा. हिरवळीवर टिटवी असतेच. चार-सहा पावलं तुरुतुरु पळते, एकदम थांबते, मान स्थिर, मग झटकन वाकून टोच मारते किंवा न मारताच पुन्हा पळते. विद्यार्थी थांबण्याचे क्षण ‘विश्रांती’ म्हणून गाळतात आणि प्रकल्पाचा जीवच गाळतात. पळताना तिला किडा दिसणं अवघड, थांबल्यावर जागा बदलत नाही. भरभर जागा बदलणं आणि स्थिर राहून न्याहाळणं यांची पाळीपाळीनं सांगड घालणाऱ्या शोधाचं भौतिकशास्त्रात वेगळं गणित आहे. त्यात किती वेळ पळायचं आणि किती वेळ पाहायचं हाच मुख्य प्रश्न. तेव्हा दोन रकाने करा, पळण्याचे सेकंद आणि थांबण्याचे सेकंद, आणि टोच मारली की खूण.

त्याच बागेला लागून वाहणाऱ्या विश्वामित्रीतल्या मगरींवर मात्र प्रकल्प नको. त्या दबा धरून बसणाऱ्या शिकारी आहेत, त्यांच्यावर रँडम वॉक लादण्यात अर्थ नाही. शिवाय काठावर उतरून नोंदी घेण्याचा विचारही करू नका.

वास ‘पसरत’ येत नाही

‘साखरेचा किंवा गुळाचा वास डिफ्युजननं पसरतो आणि प्राणी वास वाढतो त्या दिशेनं जातो’ हे वाक्य निम्म्या अहवालांत असतं. डिफ्युजन म्हणजे रेणूंनी आपोआप इकडेतिकडे भटकत पसरणं. हवेत वासाच्या रेणूंचा डिफ्युजन गुणांक सेकंदाला साधारण ०.१ चौरस सेंटिमीटर धरला, तर फक्त डिफ्युजननं एक मीटर जायला चौदा तासांच्या आसपास लागतील, दोन मीटरला त्याच्या चौपट. रावपुऱ्यातल्या शेव-उसळीच्या तर्रीचा वास गल्लीच्या तोंडाशी क्षणात येतो तो वाऱ्याबरोबर, तुटक झुळकांनी. म्हणून पतंग-कीटक वास लागला की वाऱ्याच्या उलट उडतात आणि वास हरवला की आडवे झोके घेत तो पुन्हा गाठतात.

जिवाणूंचं जग वेगळं. तिथे अंतरं मायक्रोमीटरची, त्यामुळे डिफ्युजन झटपट. ई. कोलाय साधारण एक सेकंद सरळ पोहतो, सेकंदाच्या दहाव्या भागात गिरकी घेऊन दिशा बदलतो. हे बर्ग आणि ब्राउन यांनी १९७२ मध्ये जिवाणूच्या मागे फिरणारा सूक्ष्मदर्शक बनवून मोजलं. अन्न वाढत असेल तर गिरकी लांबणीवर पडते. ही यंत्रणा उचलून मुंगीला लावू नका. प्रयोगात मात्र पंखा बंद, खिडकी बंद.

पायथनमध्ये लेव्ही नेहमीच जिंकते?

पायथनसारख्या संगणकभाषेत केलेल्या सिम्युलेशनमध्ये लेव्ही चाल हमखास जिंकत असेल तर आधी मोजमाप तपासा. दोन चालींची तुलना टप्प्यांच्या संख्येवर केली तर लांब टप्पेवाली जिंकणारच. तुलना कापलेल्या एकूण अंतरावर करा. अन्न फक्त टप्प्याच्या टोकाला तपासताय की वाटेतही, हेही ठरवा. उत्तर त्यानं उलटू शकतं. अन्न खाल्ल्यावर कायमचं संपत असेल तर सरळ चालत राहणं उत्तम ठरतं, दोनचा घातांक नव्हे. शिवाय २०२० मध्ये लेव्हर्निये आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की सपाट पृष्ठभागावर किंवा त्रिमितीत दोन हा घातांक सर्वसाधारणपणे सर्वोत्तम नसतोच. जुन्या पुस्तकातलं वाक्य तसंच उतरवलंत तर परीक्षक इथे पकडतील.

आणि अन्नाशिवायचं चित्रीकरण. तेवढाच कागद, तीच वेळ, तेच वारूळ, दाणा मात्र नाही. हे जवळजवळ कुणीच करत नाही, आणि ते नसेल तर ‘अन्नामुळे चाल बदलली’ असं म्हणायला आधारच उरत नाही. दोन्ही नकाशे एकाच मापात काढून तक्त्यावर शेजारीशेजारी लावा.