टीव्हीवरची पाककृती घरच्या चुलीवर आणताना

पाककृतीच्या कार्यक्रमांतून हात बसतो, माप बसत नाही. कांदा कसा चिरायचा, मसाला कुठल्या रंगावर उतरवायचा हे बघूनच कळतं, आणि टीव्ही ते छान दाखवतो. तेल बाटलीतून पडतं, मीठ मात्र ‘चवीनुसार’. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिथल्या टीव्ही शेफच्या १०० पाककृतींची तपासणी छापून आली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सगळ्या शिफारशींत त्यातली एकही बसली नाही.

तेव्हा कार्यक्रम बघताना आधी तेल मोजा. मॅरिनेशनला, कढईत, वरच्या तडक्याला आणि शेवटी बटरचा तुकडा, असं हप्त्याहप्त्याने पडतं म्हणून नजरेत भरत नाही. एक टेबलस्पून तेल म्हणजे १५ मिली, सुमारे १२० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे माणशी जेमतेम दोन टेबलस्पून, तेही दिवसभराचे. शेवटचं बटर बिनदिक्कत गाळा. ते कॅमेऱ्यापुढे चकाकी यावी म्हणून असतं.

आपल्याकडे खरा हिशेब नारळाचा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम चरबी, तीही बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड). चौघांच्या हुमणाला (खोबऱ्याच्या वाटणातल्या माशांच्या आमटीला) १०० ग्रॅम खोबरं पुरतं. रस पातळ होईल अशी भीती वाटत असेल तर वाटताना एक चमचा भिजवलेले तांदूळ घाला, दाटपणा येतो. क्रीम किंवा कॉर्नफ्लोअरची गरज नाही. बांगड्याच्या हुमणाला फोडणीही लागत नाही. वाटण पाण्यात सारखं करून उकळी आणा, पाच-सहा तिरफळं (माशांच्या आमटीत घालायची मसाल्याची सुकी फळं) बिया काढून नुसती चेचून टाका (वाटली तर कडवट होतात), मग मासे सोडून ६-७ मिनिटं.

मीठ सगळ्यात शेवटी. सोलां (आंबटपणासाठी घालायची कोकमं) वाळवताना मीठ लावलेलं असतं, म्हणून ती घालून पाच मिनिटं उकळू द्या, चाखा आणि मगच मीठ घाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर) करणार असाल तर सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, आधी दोन पाण्यांतून काढा.

रव्यातला बांगडा टीव्हीवर बुडवून तळतात. चार बांगड्यांना दोन टेबलस्पून तेल तव्यावर पुरतं, पण मासा कोरडा हवा. चिरा देऊन अर्धा चमचा मीठ, हळद, तिखट आणि सोलांचं पाणी लावून १५ मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी टाकून द्या. रवा अगदी तव्यावर ठेवताना लावा. आधीच लावला तर भिजतो, गळून पडतो आणि तेल पितो. तवा चांगला तापला की मध्यम आच करा. पहिली बाजू ४-५ मिनिटं हलवू नका. कडा सोनेरी होऊन मासा आपसूक सुटला की उलटा. लोक चिकटतो म्हणून आणखी तेल ओततात, पण चिकटण्याचं कारण बहुधा थंड तवा किंवा उलटण्याची घाई. दुसऱ्या घाण्याआधी तव्यातला जळका रवा पुसून काढा, नाहीतर पुढच्या बांगड्याला कडू चव लागते.