अनुवादात अडकलेलं झाड

ज्यू धर्म पर्यावरणाच्या अंगानं अभ्यासायचाय, कुठून सुरुवात करू, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. बहुतेक जण माझ्यासारखेच वनस्पतिशास्त्राकडून आलेले असतात. तोरा, ताल्मुद, शब्बाथ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मला मुख्यतः एकच खड्डा दाखवायचाय, कारण त्यात माझं दीड वर्ष गेलं.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचं नाव होतं 'माणूस म्हणजे शेतातलं झाड'. हे वाक्य मला 'हिरव्या' वचनांच्या एका इंग्रजी संकलनात मिळालं. खाली संदर्भ होता अनुवाद 20:19. (तोराच्या पाचव्या ग्रंथाला मराठी बायबलात 'अनुवाद' म्हणतात. फसायचं तेही नेमकं या नावाच्या पुस्तकात!) त्या एका वाक्यावर मी चाळीस पानं लिहिली. माणूस आणि झाड एकच, म्हणून झाड तोडणं म्हणजे स्वतःला तोडणं वगैरे. माझे तेव्हाचे मार्गदर्शक पर्यावरणवाले, भले गृहस्थ, प्रत्येक पानावर 'छान' लिहायचे.

पुढे हिब्रू वाचण्यासाठी मी एक जोडीदार शोधला. ज्यूंमध्ये दोघांनी मिळून, वाद घालत मजकूर वाचायची जुनी पद्धत आहे, तिला खावरूता म्हणतात. माझ्या जोडीदार म्हणजे मूळच्या रेवदंड्याच्या, आता इस्राएलात लोदला राहणाऱ्या एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, मावशी. आठवड्यातून दोनदा फोनवर बसायचो. मी मोठ्या अभिमानानं ते वाक्य वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "आधीची ओळ वाच की गं. आणि पुढचीही."

आधीची ओळ युद्धाची आहे. एखाद्या नगराला बराच काळ वेढा घातलास, तर तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नकोस, त्यांचं फळ तू खाशील. मग ते वाक्य येतं: 'की हाआदाम एत्स हास्सादे'. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, प्रश्नचिन्ह तर नसतंच. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी इथे प्रश्न वाचतात: शेतातलं झाड म्हणजे काय माणूस आहे, की तुझ्या वेढ्यापुढे नगरात जाऊन उपाशी बसेल? म्हणजे माझ्या वाक्याच्या बरोब्बर उलट. झाड माणूस नाही, ते तुझं शत्रू नाही, त्याला या भांडणात ओढू नकोस. बाराव्या शतकातले दुसरे भाष्यकार इब्न एझ्रा, त्यांना हा प्रश्न व्याकरणात बसत नाही असं वाटतं. त्यांच्या मते अर्थ असा, की माणसाचं जगणं झाडावर आहे. हिब्रूतल्या 'की'चा आपल्या 'की'शी काही संबंध नाही, पण दोन्ही भाषांत तो एवढासा शब्द अख्खं वाक्य फिरवतो.

आणि पुढची ओळ? जे झाड खाण्याचं नाही हे तुला माहीत आहे, ते तोड आणि त्याचं वेढ्याचं सामान कर. सरळ परवानगी आहे. माझी चाळीस पानं तिथेच बसली. संकलनवाल्यानं विसावी ओळ छापलीच नव्हती, आणि मी मूळ उघडलं नव्हतं. त्याला दोष देऊन काय उपयोग?

म्हणून स्पष्ट सांगते, सुटी वचनं गोळा करून हा अभ्यास होत नाही. सेफारिया या ज्यू ग्रंथांच्या संकेतस्थळावर जवळजवळ सगळं फुकट वाचता येतं, पण तिथे 'झाड' शोधून येईल ते उचलणं म्हणजे तेच संकलन घरी बनवणं. मागची-पुढची पाच वाक्यं आणि किमान दोन भाष्यं वाचल्याशिवाय वहीत काही उतरवू नका. मार्गदर्शकाबद्दलही माझं मत पक्कं झालंय. मोठ्या नावाचा पर्यावरणतज्ज्ञ नको, 'हे चूक आहे' म्हणणारी हिब्रूची बाई हवी. लोकांना ते आवडत नाही, असो.

घाबरू मात्र नका, कारण खरी मजा त्या पडझडीनंतर आहे. याच ओळीतून 'बाल ताश्खीत' हा नियम वाढला: नासाडी करू नकोस. ताल्मुदात तो फार घरगुती होतो. तेलाचा दिवा झाकला तर तेल भराभर जळतं, म्हणून ती नासाडी. (कोकणातल्या शनिवार तेल्यांना, म्हणजे तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना, हे समजावून सांगावं लागलं नसतं.) ताल्मुदातले एक गुरू रब्बा थंडीनं काकडले तेव्हा ऊब मिळावी म्हणून बाक फोडून जाळलं. शिष्यानं विचारलं, ही नासाडी नाही का? ते म्हणाले, माझ्या शरीराची नासाडी टाळणं जास्त महत्त्वाचं. आणि खजुराचं झाड? वर्षाला एक कव, म्हणजे जेमतेम लिटर-दोन लिटर फळ देत असेल तर तोडायचं नाही. पण लाकडाची किंमत जास्त येत असेल तर चालेल, असंही तिथेच म्हटलंय. माझा मुलगा अंजिराचं झाड अकाली तोडल्यामुळेच गेला, असं सांगणारा बापही त्याच पानावर आहे. हिशोब आणि शोक असे शेजारी-शेजारी मला दुसरीकडे कुठे भेटले नाहीत.

बाकीचं भराभर सांगते. इतिहासकार लिन व्हाइट यांचा पर्यावरण-संकटाच्या मुळांवरचा 1967 चा लेख वाचाच, पण त्यांचा मुख्य रोख पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेवर होता हे लक्षात ठेवा. शमिटा, म्हणजे जमिनीला विसावा द्यायचं सातवं वर्ष, 2021-22 मध्ये होऊन गेलं, पुढचं 2028-29 मध्ये. त्याला 'प्राचीन सेंद्रिय शेती' म्हणू नका. जमीन परधर्मीयाला कागदोपत्री विकून शेती चालू ठेवण्याची मुभा 1889 पासूनच्या वादात आहे, आधी तो वाद वाचा.

पावसाचं मात्र नीट समजून घ्या. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. इस्राएलबाहेरचे ज्यू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रार्थनेत पाऊस मागायला लागतात, कारण ती तारीख बाबिलच्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, शेतीवरून ठरली. कोकणात तेव्हा आंब्याला मोहर धरायची वेळ! धर्माचं पंचांग आणि पायाखालची माती जुळत नाही तेव्हा काय होतं, हे अलिबागच्या इस्रायल आळीत कोणीही विचारू शकलं असतं. मी तिथून वीस मिनिटांवर वाढले आणि हा प्रश्न मला तेल अवीवच्या एका वाचनालयात सुचला.

तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष, मुळात फळांचा दशमांश मोजायची तारीख. बेने इस्राएलांकडे त्याच दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, उरूस असतो आणि मलिदा होतो: पोहे, नारळ, गूळ, वर फळं, प्रत्येकावर वेगळा आशीर्वाद. एकदा जाऊन या. वही पिशवीतच राहू द्या.

पहिलं प्रकरण मी नव्यानं लिहिलं. त्याचं नाव आता 'एक कव खजूर' आहे. मार्गदर्शकांनी या वेळी 'छान' लिहिलं नाही. समासात पेन्सिलीनं एवढंच होतं: 'कव म्हणजे किती?'