फ्रेंच रिव्हिएरा कसा पाहावा? नीसला मुक्काम, लोकल गाडी आणि उजवीकडची खिडकी

फ्रेंच रिव्हिएरा, म्हणजे फ्रान्सचा भूमध्य समुद्राकाठचा आग्नेय किनारा, म्हटलं की डोळ्यांपुढे पांढऱ्या आलिशान नौका, उघड्या टपाच्या गाड्या आणि काळे गॉगल लावलेले नटनट्या येतात. मग आपण खिसा चाचपतो आणि पॅरिस-स्वित्झर्लंडची ठरलेली सहल घेतो. खरं तर या किनाऱ्यावरचं पाहण्यासारखं बरंचसं फुकट तरी आहे किंवा लोकल गाडीच्या तिकिटात बसणारं आहे. क्रम तेवढा नीट लावावा लागतो. चार-पाच दिवस हातात असतील तर तो असा लावा.

आधी महिना ठरवा

मेचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप तिथे उतरतो आणि वाळूवर पंचा टाकायलाही जागा राहत नाही. मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आधी कानचा चित्रपट महोत्सव आणि मग मोनॅकोची मोटारशर्यत असते. त्या दिवसांत हॉटेलांचे दर ऐकून घाम फुटतो, त्यामुळे तारखा पाहूनच बुकिंग करा. फेब्रुवारीत थंडी असते, पण नीसचा कार्निव्हल आणि मांतोंचा लिंबू महोत्सव तेव्हाच भरतो.

व्हिसा नेहमीचा शेंगेन. मोनॅको वेगळा देश असला तरी त्याच्यासाठी निराळा व्हिसा लागत नाही. अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

मुक्काम नीसलाच करा

उच्चार ‘नीस’, ‘नाइस’ नव्हे. कान आणि मोनॅको ऐकायला भारी वाटतात, पण राहायला नीस परवडतं आणि गावही खरंखुरं आहे. विमानतळ शहराला लागूनच आहे, तिथून ट्रामने मध्यभागी येता येतं. रेल्वे स्टेशन आणि मासेना चौक यांच्या मधल्या पट्ट्यात खोली शोधा, म्हणजे समुद्रही पायी आणि गाडीही पायी.

भाड्याची मोटार घेऊ नका. कड्यांवरून जाणारे रस्ते सुंदर आहेत, पण चालवणाऱ्याला समोरचं वळण सोडून काही दिसत नाही आणि पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. त्याऐवजी ‘तेर’ नावाची लोकल पकडा. ती किनाऱ्याला बिलगून धावते. पूर्वेला व्हिलफ्रांश, बोलिय, एझ, मोनॅको, मांतों आणि पश्चिमेला आंतिब, कान अशी सगळी स्टेशनं एकाच मार्गावर आहेत. मोनॅको साधारण पंचवीस मिनिटांवर, व्हिलफ्रांश तर दहा मिनिटांच्या आत. पूर्वेकडे जाताना उजव्या खिडकीपाशी बसा. बोगदा संपला की निळं पाणी, पुन्हा बोगदा, पुन्हा पाणी. कोकण रेल्वेने गेलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल.

मग वार मांडा

बहुतेक जण हे करत नाहीत आणि पस्तावतात. नीसमधली मातीस आणि शगाल या चित्रकारांची संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. आंतिबचं पिकासो संग्रहालय सोमवारी बंद. जुन्या नीसमधल्या कुर सालेया चौकातला फुलांचा आणि भाजीचा बाजार मंगळवार ते रविवार सकाळी भरतो, सोमवारी तिथे जुन्या वस्तूंची दुकानं लागतात. आईला घेऊन मंगळवारी भर दुपारी सिमिएची टेकडी चढून मातीसच्या बंद दारापुढे उभं राहण्याचा मान आम्ही मिळवला आहे. दोष कुणाचाच नव्हता, पाटी दारावरच होती.

पहिला दिवस: नीस, पायी

सकाळी बाजारात शिरा, फुलं बघा, जर्दाळू घ्या. तिथून जुन्या नीसच्या बोळांतून किल्ल्याच्या टेकडीकडे निघा. पायऱ्या आहेत, पण खाली समुद्राच्या बाजूला फुकटची लिफ्टही आहे. गुडघेदुखीवाल्यांनी संकोच न करता तीच धरावी. वर किल्ला शोधू नका. चौदाव्या लुईने तो १७०६मध्ये पाडून टाकला. आता तिथे बाग आहे, कृत्रिम धबधबा आहे, आणि एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला उपसागराची अख्खी कमान दिसते. बरोबर बाराला तोफेचा बार होतो. एकोणिसाव्या शतकात इथे राहणाऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने जेवणाच्या वेळेची आठवण म्हणून ही प्रथा सुरू केली म्हणतात. दचकू नका, जेवायला उतरा.

जेवायला सोक्का. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या गोल तव्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं सख्खं भावंड, आणि शाकाहारी माणसाचा इथला मोठा आधार. बाकीच्या ठिकाणी विचारूनच खा: नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये टूना किंवा अँचोव्ही हे मासे असतात, आणि पिझ्झासारखा, कांद्याचा, निरागस दिसणारा पिसालादिएरही अँचोव्हीशिवाय होत नाही.

संध्याकाळ प्रोमनाद देझांग्लेसाठी ठेवा. नावाचा अर्थ ‘इंग्रजांचा फिरायचा रस्ता’. १८२०च्या दशकात हिवाळ्यासाठी येणाऱ्या इंग्रजांनी पैसे काढून तो बांधायला घेतला. तेव्हा श्रीमंत लोक इथे उन्हासाठी थंडीत येत आणि उन्हाळ्यात परत जात. नीस तेव्हा फ्रान्समध्येही नव्हतं, ते १८६०मध्ये आलं. या हिवाळी शहराला २०२१मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आज रस्ता सुमारे सात किलोमीटर आहे, बसायला निळ्या खुर्च्या आहेत, आणि बसण्याचे पैसे पडत नाहीत. किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. पाण्यात उतरायचं तर रबरी बूट न्या, नाहीतर तळव्यांची सालं निघतात.

दुसरा दिवस: व्हिलफ्रांश आणि काप फेरा

व्हिलफ्रांशचं स्टेशन थेट किनाऱ्याच्या डोक्यावर आहे. गावात रु ऑबस्क्यूर नावाची तेराव्या शतकातली झाकलेली गल्ली आहे, भर उन्हातही अंधारी. बंदरापाशी कोळ्यांचं छोटं चॅपल आहे. कवी-चित्रकार झाँ कॉक्तोने ते १९५७मध्ये आतून रंगवलं.

दुपारी काप फेराच्या भूशिरावर व्हिला एफ्रुसी द रोथशिल्ड. गुलाबी वाडा, भोवती नऊ बागा, दोन्ही अंगांना समुद्र. बेआत्रिस द रोथशिल्डने तो १९०५ ते १९१२ या काळात बांधवून घेतला. आपण जहाजावर आहोत असं वाटावं म्हणून ती माळ्यांना खलाशांच्या टोप्या घालायला लावायची, असं सांगतात. तिकीट काढावं लागतं. काढा. श्रीमंतीचा थाट आतून पाहायचा तर मोनॅकोच्या नौकांपेक्षा हा वाडा सरस आहे.

तिसरा दिवस: सकाळी एझ, मग मोनॅको

एझ हे चारशेहून अधिक मीटर उंचीवरचं दगडी गाव. स्टेशन खाली समुद्राशी, गाव वर कड्यावर, आणि मधे नीत्शेच्या नावाची पायवाट. हा तत्त्वज्ञ १८८०च्या दशकात हिवाळ्यात नीसला राहायचा आणि ही वाट चढायचा. तासाभराहून जास्त लागतो, सावली कमी. शहाणपण यात आहे की नीसहून बसने वर जावं, निवडुंगांच्या बागेतून समुद्र पाहावा आणि पायवाटेने खाली उतरावं. गुडघे कुरकुरत असतील तर उतरतानाही बसच बरी.

मोनॅको दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. देश लहान, पण सगळा उभा. चढ लागला की ‘सार्वजनिक लिफ्ट’ची पाटी शोधा. कड्यांच्या पोटातून जाणाऱ्या या लिफ्ट फुकट आहेत आणि त्यांच्यामुळेच आईने तो देश पाहिला. राजवाड्यापुढचा पहारेबदल रोज ११ वाजून ५५ मिनिटांनी होतो, म्हणून एझला जायचं तर पहाटे निघा, नाहीतर तो सोडून द्या. माझ्या मते सोडला तरी चालेल. समुद्रविज्ञान संग्रहालय मात्र सोडू नका. राजपुत्र पहिला आल्बेर याने कड्याच्या टोकावर उभारलेली ही इमारत १९१०मध्ये उघडली आणि पुढे सागर-संशोधक झाक कुस्तो तीन दशकं तिचा संचालक होता.

कॅसिनो पॅरिसच्या ऑपेराच्याच वास्तुविशारदाने, शार्ल गार्निएने, घडवला. सकाळी तिकीट काढून नुसती दालनं पाहता येतात. गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. बाहेर पडून थोडं खाली चाललात की शर्यतीचं ते प्रसिद्ध हेअरपिन वळण लागतं. एरवी तिथून बस आणि स्कूटर जातात.

चौथा दिवस: पश्चिमेला

आंतिबला सकाळ द्या. पिकासोने १९४६मध्ये ज्या ग्रिमाल्दी गढीत काम केलं तिथेच त्याचं संग्रहालय आहे, समुद्राच्या तटावर.

कानने माझा थोडा विरस केला. महोत्सवाच्या त्या पायऱ्या गालिच्याविना साध्याच दिसतात. तरी १९४६मध्ये ‘नीचा नगर’ला आणि २०२४मध्ये पायल कपाडियांच्या, शेवटी रत्नागिरीत पोहोचणाऱ्या चित्रपटाला याच गावाने दाद दिली, हे आठवून फोटो काढला. मग सरळ बोट पकडून सेंत-मार्गरित बेटावर जा. पंधरा मिनिटांत निलगिरी आणि पाइनची सावली मिळते, आणि लोखंडी मुखवट्याचा म्हणून गाजलेला कैदी जिथे ठेवला होता ती कोठडीही.

एखादा दिवस शिल्लक असेल आणि पोटात कालवत असेल, तर याच लोहमार्गाने पश्चिमेला अडीच-तीन तासांवर मार्सेल आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ते बंदर. ते रिव्हिएरात मोडत नाही, पण मराठी माणसाला ते टाळून परतणं जड जातं.

शेवटची संध्याकाळ मांतोंला

इटलीच्या सीमेला टेकलेलं हे गाव पिवळ्या-केशरी घरांचं आणि लिंबांचं. सें-मिशेलच्या चर्चपर्यंत पायऱ्या चढा, समोरच्या गोट्यांच्या नक्षीच्या चौकात बसा, लिंबाचं आइस्क्रीम खा. उतरत्या उन्हात भिंतींचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो. शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा आणि संपाची काही बातमी आहे का तेही हॉटेलात विचारून घ्या. परतताना समुद्र डावीकडे असतो, तेव्हा जागा त्या बाजूची धरा.