डार्ट्सवर पैज लावताना क्रमवारीला भुलू नका

पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेची मुख्य क्रमवारी दोन वर्षांत मिळालेल्या बक्षिसांच्या रकमेवर ठरते, म्हणजे ती खेळाडूचा आजचा फॉर्म सांगतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा सोळा वर्षांचा ल्यूक लिटलर तेव्हा १६४ वा होता!

त्यापेक्षा गेल्या आठ-दहा सामन्यांतली तीन डार्टची सरासरी, म्हणजे तीन डार्टमागे किती गुण मिळतात ते, पाहा. वर्ल्ड ग्रां प्री या स्पर्धेचे आकडे मात्र बाजूला ठेवा. एरवी लेग, म्हणजे सामन्यातला एक डाव, फक्त संपवताना डबल (बोर्डावरचा दुप्पट गुणांचा भाग) लागतो; तिथे प्रत्येक लेगची सुरुवातही डबलनेच करावी लागते, त्यामुळे सरासरी आपोआप घसरते. प्लेयर्स चॅम्पियनशिप या स्पर्धांचे सामने छोटे, बहुतेक आधी सहा लेग जिंकले की संपले, आणि तेही गर्दीच्या गोंगाटाशिवाय. तिथे चमकणारा मोठ्या मंचावर टिकेलच असं नाही.

माझा भर डबलच्या टक्केवारीवर, म्हणजे डबलवर मारलेल्या डार्टपैकी किती लागले यावर, असतो. १८० (तीन डार्टमध्ये मिळू शकणारे सर्वाधिक गुण) कितीही मारा, शेवटी डबल हुकला की लेग हातचा जातो. पण एकाच सामन्याची टक्केवारी फसवी, महिन्याभराची घ्या.

आणि हो, हे ब्रिटनसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी. भारतात ऑनलाइन पैजांना कायद्याने मनाई आहे.