व्यायामापूर्वी वनस्पतीजन्य पूरके घेता? हृदयाला जड जाणाऱ्या या चुका टाळा

व्यायाम सुरू होताच शरीर स्वतःच ॲड्रेनलिन सोडते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या स्नायूला अधिक प्राणवायू लागतो. व्यायामापूर्वी घेतल्या जाणाऱ्या उत्तेजक पूरकांचा परिणामही याच दिशेने होतो, त्यामुळे श्रमाचा आणि पूरकाचा असा दुहेरी ताण एकाच वेळी हृदयावर येतो. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच पुढील बहुतेक चुका घडतात.

सर्वांत जुनी चूक म्हणजे 'वनस्पतीपासून बनलेले, म्हणजे निर्धोक' असे मानणे. चिनी वैद्यकात 'मा हुआंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इफेड्रा या वनस्पतीतील इफेड्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हृदयाचे ठोके वाढवते. फेब्रुवारी 2003 मध्ये स्टीव्ह बेक्लर हा 23 वर्षांचा अमेरिकी बेसबॉल खेळाडू सरावादरम्यान उष्माघाताने कोसळून दगावला आणि त्याच्या मृत्यूला इफेड्राही कारणीभूत असल्याचे वैद्यकीय तपासणीत नोंदले गेले. 2004 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इफेड्रिनवर्गीय घटक असलेल्या पूरकांवर बंदी घातली. त्यानंतर अनेक उत्पादनांत कडू संत्र्याचा अर्क आला. त्यातील सिनेफ्रिनची रासायनिक रचना इफेड्रिनशी मिळतीजुळती आहे. म्हणून डब्यावर 'इफेड्रामुक्त' असे छापलेले असले, तरी ते पूरक उत्तेजकमुक्त आहे असा अर्थ काढू नये.

कॅफिनची बेरीज न करणे ही माझ्या मते सर्वांत अधिक घडणारी आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी चूक आहे. ग्वाराना, यर्बा माते, कोला नट आणि ग्रीन टीचा अर्क ही नावे वेगवेगळी दिसत असली, तरी या सर्वांत कॅफिन असते आणि लेबलवर ते प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे दाखवलेले नसते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी एका वेळी 200 मिलिग्रॅम आणि दिवसभरात सर्व मार्गांनी मिळून 400 मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन सहसा चिंतेचे नसते. गर्भवती स्त्रियांसाठी ही दैनंदिन मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे. पूरकाच्या एका मापात 250 मिलिग्रॅम कॅफिन असेल, तर एका वेळची मर्यादा तेवढ्यानेच ओलांडली जाते, आणि त्यात दिवसभरात घेतलेले चहा-कॉफीचे कप अजून मोजलेलेही नसतात. शिवाय शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला 200 मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या शरीरात रात्री अकराला सुमारे 100 मिलिग्रॅम शिल्लक असते. झोप बिघडते, दुसऱ्या दिवशी थकवा जाणवतो आणि तो घालवण्यासाठी माप आणखी वाढवले जाते. घटकांचे 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून प्रत्येकाचे प्रमाण लपवणारे उत्पादन घेऊच नये, कारण त्याची बेरीज करणेच शक्य नसते.

चालू औषधांचा विचार न करणे ही चूक अधिक गंभीर ठरू शकते. योहिम्बे या आफ्रिकी झाडाच्या सालीच्या अर्कामुळे रक्तदाब आणि नाडी वाढू शकते, म्हणून उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ते टाळावे. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर पोटॅशियम आणखी खाली जाऊन ठोक्यांची लय बिघडू शकते. उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) आणि वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) यांचा परिणाम कमी होतो. बीटच्या रसातील नायट्रेट मात्र रक्तवाहिन्या सैलावते, त्यामुळे रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला व्यायामानंतर उठताना चक्कर येऊ शकते.

पूरक घेतल्यानंतर धडधड जाणवली, तर 'आता असर सुरू झाला' असे समजून जोर वाढवू नये. व्यायाम थांबवून बसावे, नाडी मोजावी, पाणी प्यावे आणि त्या दिवशी कॅफिनचे इतर काहीही घेऊ नये. त्यानंतर काही दिवस पूरक पूर्ण बंद ठेवून रोज सकाळी विश्रांतीतील नाडी आणि शक्य असल्यास रक्तदाब लिहून ठेवावा. पूरक बंद केल्यावर धडधड थांबली, तरी हृदय निरोगी असल्याचा तो पुरावा नव्हे. लपलेला लयदोष उत्तेजकामुळे प्रथमच उघड झालेला असू शकतो. एकदा त्रास झालेले मिश्रण निम्म्या मापात पुन्हा घेऊन पाहू नये.

छातीत दाब किंवा दुखणे, ते हात अथवा जबड्यापर्यंत जाणे, विश्रांतीनंतरही न ओसरणारा दम किंवा न थांबणारी अनियमित धडधड यांपैकी काहीही झाल्यास त्वरित रुग्णवाहिका बोलवावी. व्यायाम करताना शुद्ध हरपली, तर काही मिनिटांत बरे वाटले तरी हृदयतपासणी होईपर्यंत पुन्हा व्यायाम करू नये. डॉक्टरांकडे जाताना पूरकाचा डबा सोबत न्यावा, कारण 'काहीतरी आयुर्वेदिक घेतले होते' एवढ्या माहितीवरून त्यात कोणते उत्तेजक होते हे त्यांना कळू शकत नाही.