फ्लॅटच्या गॅलरीत मोठ्या पानांची झाडं कशी वाढवावीत

थंड देशांतले बागवेडे लोक केळ, कर्दळ आणि अळूसाठी केवढा खटाटोप करतात! हिमकण पडायच्या आत कर्दळीचे कंद उकरून घरात ठेवायचे, केळीच्या खोडाला पेंढा गुंडाळायचा आणि वसंताची वाट बघत बसायचं. मुंबईत यातलं काहीच करावं लागत नाही. जानेवारीतल्या पहाटेही आपल्याकडे या झाडांना इजा होईल इतकी थंडी पडत नाही. तरीही आपल्या गॅलऱ्यांमध्ये हीच झाडं खुरटलेली दिसतात. पानं लहान, कडा करपलेल्या, देठ लांबून लवलेले. ऊब आपल्याला फुकट मिळते. उजेड, मुळांना जागा आणि वाऱ्यापासून आडोसा मात्र आपण द्यावा लागतो, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

सुरुवातीला उत्तम वेळ म्हणजे मे महिन्याचा शेवट. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी दोन आठवडे झाड लावलं की हवेतला वाढता ओलावा आणि नवी मुळं यांची गाठ पडते.

आधी उजेड बघा

नर्सरीत जाण्याआधी दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर अंतरावर हात धरा. सावली ठळक, कडा स्पष्ट असेल तर उजेड भरपूर. सावली धूसर पण ओळखू येण्याजोगी असेल तर मध्यम. सावलीच पडत नसेल तर तिथे मोठ्या पानांचा नाद सोडा. तिथलं झाड मरणार नाही कदाचित, पण प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान येईल.

खिडकीची दिशाही बघा. पूर्वेचं सकाळचं ऊन बहुतेक सगळ्या मोठ्या पानांना मानवतं. पश्चिमेचं दुपारनंतरचं ऊन क्रोटन आणि कर्दळीला चालतं. अलोकेशियाला (अळूसारखं दिसणारं शोभेचं झाड) आणि कॅलेडियमला (रंगीत पानांचं, कंदापासून येणारं शोभेचं झाड) जाळून टाकतं. दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतं ते मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मुंबईत तो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात भरदुपारी तो थोडा उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतही तेव्हा थोडं थेट ऊन शिरतं. कुंड्यांच्या जागा वर्षातून दोनदा बदलायला हव्यात, त्या यामुळेच.

मनी प्लांटला वर चढवा

सोसायटीच्या आवारात नारळावर किंवा पर्जन्यवृक्षावर चढलेला मनी प्लांट जवळ जाऊन बघा. जमिनीलगतची पानं तळहातात मावतील एवढी असतात. वर दहा-बारा फुटांवर तीच पानं ताटाएवढी होतात, आणि काही तर कडेपासून आत फाटलेली दिसतात. याच वेलीची फांदी ग्रिलमधून खाली लोंबत सोडली की पानं पेरागणिक लहान होत जातात. वेल एकच, फरक आधाराचा. हवेतली मुळं कशाला तरी घट्ट धरली आणि वेल वर चढू लागली, की ती पानं मोठी करते. मला वाटतं, मोठ्या पानांचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग हाच आहे, आणि मॉन्स्टेराच्या (भोकं-चिरा पडलेल्या मोठ्या पानांचा शोभेचा वेल) महागड्या रोपामागे धावण्याआधी प्रत्येकाने तो करून बघावा.

त्यासाठी दोन इंच जाडीचा, चारेक फूट लांब पीव्हीसी पाईप घ्या. त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, वेढे एकमेकांना चिकटून यायला हवेत. पाईपच्या तळाशी भोक पाडून एक सळई आडवी घाला, म्हणजे तो कुंडीत डोलणार नाही. मग माती भरताना तो मधोमध गाडा. वेलीच्या प्रत्येक पेराशी मुळाचा तपकिरी उंचवटा असतो. ती बाजू काथ्याकडे करून वेल सैलसर बांधा. देठ बांधू नका, फक्त खोड बांधा. यापुढे खरं काम एकच: काथ्या रोज ओला करायचा. कोरड्या काथ्याला मूळ धरत नाही, आणि मुळाने धरलं नाही तर तो पाईप नुसती शोभेची काठी ठरतो. वेल टोकाला पोचली की वरची दोन-तीन पेरं कापून त्याच कुंडीत पुन्हा लावा.

मॉन्स्टेरा आणि चढणारे फिलोडेन्ड्रॉन यांनाही हीच रीत. मॉन्स्टेराची कोवळ्या वयातली पानं अखंडच असतात. भोकं आणि चिरा वयाबरोबर व उजेडाबरोबर येतात. त्यासाठी कोणतंही औषध घालावं लागत नाही.

बाजारातल्या अळकुडीपासून अळू

अळूसारखं भव्य पान दुसरं नाही, आणि त्याला नर्सरीचीही गरज नाही. दादरच्या किंवा तुमच्या जवळच्या मंडईतून अळकुड्या आणा. निवडताना टणक, जड आणि शेंड्याशी गुलाबी-पांढरा कोंब दिसणाऱ्या निवडा. एका १४ इंची कुंडीत एकच, दोन इंच खोल, कोंब वर करून लावा. पहिली दोन-तीन पानं बेताचीच येतील. त्यानंतर प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं यायला हवं. तसं होत नसेल तर कुंडी लहान पडतेय किंवा खत कमी पडतंय. बाजूने फुटणारी पिल्लं काढून टाका, नाहीतर वीस छोटी पानं मिळतील आणि एकही मोठं मिळणार नाही.

सकाळी लवकर उठून अळूच्या पानाचं टोक बघा. तिथे थेंब लोंबत असतो. तो दव नसतो, मुळांनी रात्रभर ओढलेलं जास्तीचं पाणी झाड तिथून बाहेर टाकतं. थेंब दिसला की समजावं, मुळं खुशीत आहेत. पानावर पाणी ठरत नाही ते त्यावरच्या मेणचट थरामुळे. म्हणून अळूच्या पानाला चकाकीसाठी तेल, दूध किंवा स्प्रे लावू नका. त्याने तो थर खराब होतो.

नर्सरीत ‘एलिफंट इअर’ म्हणून मिळणारं अलोकेशिया अळूसारखं दिसतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. अळूचं पान टोक खाली करून लोंबतं, अलोकेशियाचं बहुधा वर किंवा समोर बघतं. अळूला चिखल चालतो, अलोकेशियाचा कंद त्याच चिखलात सडतो. आणि शोभेच्या झाडाची अळूवडी कधीही करू नये. या सगळ्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाची खाज त्यांचीच. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबाकिया (ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड), अलोकेशिया, मॉन्स्टेरा त्यांच्या पोचेबाहेर ठेवा.

कुंडी, माती आणि वजन

पोत्यात मिळणारी लाल माती एकटी वापरली तर एका पावसाळ्यात दगड होते. लाल माती, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समभाग घ्या, त्यात मूठभर निंबोळी पेंड. अलोकेशियासाठी यात विटेचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणखी एक भाग घाला. वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत.

ओल्या मातीने भरलेली १२ इंची कुंडी २० किलोंच्या आसपास सहज जाते. ग्रिलवर अशा चार ठेवण्याआधी ग्रिलचे खिळे गंजलेले नाहीत ना, हे हाताने हलवून बघा. कठड्यावर मोठी कुंडी ठेवूच नये, खाली माणसं चालतात.

बशीतलं पाणी दर आठवड्याला ओता आणि बशी घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

वारा आणि एसी

वरळी, जुहू, वेसावे इथे समुद्राकडच्या गॅलरीत पानांच्या कडा तपकिरी होतात त्या खाऱ्या वाऱ्याने. दोन-तीन दिवसांनी साध्या पाण्याने पानं धुवा. उंच मजल्यावर केळ लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाऱ्याने तिचं पान शिरांच्या रेषेत फाटत जातं. झाडाला त्याने फारसं नुकसान होत नाही, पण ज्या रुंद पानासाठी ती लावली ते राहत नाही.

एसीची थंडी या झाडांना चालते, कोरडा झोत चालत नाही. झोताच्या वाटेतली कुंडी दोन हात बाजूला सरकवा. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी येतो: बारीक जाळी, वरून पिवळे ठिपके. एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून पानाच्या खालच्या बाजूने संध्याकाळी फवारा. पिठ्या ढेकणावरही (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) हेच.

हिवाळ्यात झोपू द्या

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात चवई, म्हणजे रानकेळ, हिरवीगार दिसते. पाऊस सरला की तिची पानं वाळून जातात, खोड मात्र पुढच्या पावसापर्यंत तग धरून असतं. थंड देशात झाडं गारठ्याने झोपतात, आपल्याकडे कोरडेपणाने. कॅलेडियम आणि काही अलोकेशिया नोव्हेंबरपासून एकेक पान टाकू लागतात. लोक घाबरून पाणी वाढवतात, आणि झोपलेला कंद सडतो. तसं न करता पाणी हळूहळू कमी करा, पानं पूर्ण सुकली की बंद करा, आणि कुंडी सावलीत कोरडी ठेवा. अळूला थोडी ओल दिलीत तर ते लहान पानांवर हिवाळा काढतं. मनी प्लांट, मॉन्स्टेरा झोपत नाहीत, त्यांचं फक्त पाणी निम्म्यावर आणा.

मेच्या मध्यावर झोपलेल्या कुंड्या उकरून कंद बोटाने दाबून बघा. टणक असेल तर नव्या मातीत लावून हलकं पाणी सुरू करा. एखादा भाग मऊ लागला तर तेवढा कापून टाका, कापलेल्या जागी हळद लावून दोन दिवस सावलीत सुकवा आणि मगच लावा. अख्खा कंद पिचपिचीत झाला असेल तर तो मातीसकट टाका. त्या मातीत दुसरा कंद लावू नका.