बोर्डासमोर पोराचं कौतुक करू नका

एसटीत कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं काढली. सवलतीची किती कार्डं या हातांतून गेली त्याचा हिशेब नाही. एकदा कराडच्या गाडीत एक बाई दहा-बारा वर्षांच्या पोराला घेऊन चढली. पोरगं हातीपायी धड, अंगानं भरलेलं. मी म्हटलं, "ह्याला कसली सवलत? चांगला धडधाकट दिसतोय की." बाई काही बोलली नाही. कार्ड पुढं केलं आणि खिडकीतनं बाहेर बघत बसली. आता माझाच नातू सहा वर्षांचा आहे. हातीपायी धड आहे, आणि बोलतो ते चार शब्द. 'आजा' त्यातला एक.

मुलगा चाकणला कंपनीत, त्याला रजा मिळेना. म्हणून नातवाच्या दिव्यांग प्रमाणपत्राची धावपळ मी आणि सूनबाईनं केली. घरात असं लेकरू आहे आणि सुरुवात कुठनं करायची कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय.

पहिलं समजून घ्या की कुठल्याही योजनेच्या आधी हे प्रमाणपत्र आणि त्याचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र (स्वावलंबन कार्डही म्हणतात), काढायचं. ते नसेल तर पुढची कुठलीच खिडकी तुमच्याशी बोलत नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. नुसतं लंगडणं, आंधळेपण, बहिरेपण नाही. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक दिव्यांगत्व, थॅलेसेमिया-सिकलसेल हे रक्ताचे आजार हेही त्यात येतात. बहुतेक सवलतींना कमीत कमी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. नातवाच्या कागदावर 'बौद्धिक दिव्यांगत्व' असं आहे. गावात त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

मदत कुणाची घ्यायची? आम्ही सहा महिने चुकीच्या माणसांना विचारत होतो. सरपंचाला विचारलं, ओळखीच्या कंपाउंडरला विचारलं. एका फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात तर, "दोन हजार द्या, टक्क्यांचं मी बघतो," असं ऐकायला मिळालं. तिथनं उठलो. अर्जाला एक पैसा लागत नाही, आणि खोट्या मार्गानं लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्यातच आहे.

खरी मदत दारातच होती. आशाताईंनी सांगितलं की अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. त्या पथकानं चिठ्ठी दिली की पोराला जिल्ह्याच्या तपासणी केंद्रात पाठवतात. दुसरी मदत मिळाली शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेची. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेमधनं या बाई अशा मुलांसाठीच नेमलेल्या असतात. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, ते नंबर देतील. आम्हाला त्यांनी जे एक सांगितलं त्यावर सगळं तरलं, ते खाली येईल.

आता कागद. मुलाचं आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, फोटो, आणि आजवरचे दवाखान्याचे सगळे कागद. आमचा नातू जन्मल्यावर रडला नव्हता, नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड सूनबाईनं जपून ठेवलं होतं, ते फार कामाला आलं. असे जुने कागद फेकू नका, रद्दीत तर नाहीच नाही.

आधारनं मात्र आम्हाला घोळात घातलं. एक तर पाच वर्षांच्या आतलं बाल आधार बिनठशाचं असतं. पाच पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळे द्यावे लागतात. ते आम्ही केलंच नव्हतं. दुसरं म्हणजे त्याला जोडलेला मोबाइल नंबर माझा जुना, बंद पडलेला. ओटीपी जायचा कुठं? तिसरं, जन्मदाखल्यावर आडनाव एका पद्धतीनं आणि आधारवर दुसऱ्या. या तीन दुरुस्त्यांत दीड महिना गेला. तुम्ही आधी हेच बघा, मग अर्जाला बसा.

फोटोची गंमत सांगतो. स्टुडिओत पोरगं स्टुलावर टिकेना, दिव्याला बघून रडायला लागलं. शेवटी घरी भिंतीला पांढरी चादर लावली आणि मी माझा जुना तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला. मोबाइलच्या मागं धरून टकटक वाजवला. एकदम समोर बघितलं बहाद्दरानं. तोच फोटो आज कार्डावर आहे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. मोबाइलवर होतो, पण कागद अपलोड करायला आम्ही ई-सेवा केंद्रात गेलो. मागं कुणीतरी जाणता उभा राहू द्या, कारण दिव्यांगत्वाचा प्रकार आणि रुग्णालय निवडताना चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो. त्याची पावती छापून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटोही काढा. मग रुग्णालयात फोन करून विचारा की तुमच्या प्रकाराचा बोर्ड, म्हणजे पोराला तपासून टक्के ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ, कुठल्या वारी बसतो. हाडांचा एका वारी, डोळ्यांचा दुसऱ्या, बुद्ध्यांकाचा तिसऱ्या, असं असतं. आम्ही पहिल्यांदा न विचारता गेलो आणि कॅन्टीनमध्ये चहा पिऊन परत आलो.

बोर्डाचा दिवस. मुक्काम करावा लागला तरी चालेल, पण पोराला झोपमोड करून नेऊ नका. खाऊ, पाणी, कपड्यांचा एक जादा जोड, आणि त्याची लाडकी वस्तू घ्या. आमच्याकडं तो चिमटाच होता.

मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आधी त्याच्यासमोर लाकडी फळी ठेवली. खाचांत गोल, चौकोन, चांदणी बसवायची. मग आमच्याकडं वळल्या.

"शर्ट स्वतः घालतो?"

"घालतो की," मी म्हटलं.

"जेवतो?"

"सगळं खातो. भाकरीसुद्धा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, बटणं कोण लावतं?"

"मी."

"बाहीत हात कोण घालतं?"

"सूनबाई."

"मग तो काय करतो?"

"उभा राहतो," मी म्हटलं. सूनबाईनं खाली मान घातली, आणि मला माझंच हसू आलं.

ही चूक आपण सगळेच करतो. लग्नाकार्यात पाहुणे विचारतात तेव्हा पाच-सहा वर्षं आपण एकच सांगत आलेलो असतो, 'कळतं हो त्याला सगळं.' तेच तोंडात बसलेलं असतं. पण तिथं विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ 'कुणाच्या मदतीशिवाय करतो का' एवढाच असतो. भाकरी खातो हे खरं, पण तुकडा मोडून, कालवून, हातात दिल्यावर खातो. तेवढं सगळं वाक्य बोला.

इथं त्या विशेष शिक्षिकेचं सांगणं कामाला आलं. त्यांनी सूनबाईला पंधरा दिवस वही लिहायला लावली होती. सकाळपासून झोपेपर्यंत काय केलं आणि कुणी केलं. सूनबाईनं पिशवीतनं वही काढून मॅडमपुढं ठेवली. एक पान असं होतं:

'मंगळवार. दात – मी हात धरून. अंघोळ – मी. शर्ट – हात मी घातले, बटणं आजोबांनी. शाळेत शी झाली, सांगितलं नाही, बाईंचा फोन. जेवण – भरवलं, शेवटचे दोन घास स्वतः. फाटक उघडं राहिलं, रस्त्यावर गेला, शेजाऱ्यांनी आणला. रात्री दोनला उठून बसला, चारला झोपला.'

मॅडमनी चार पानं वाचली आणि मग प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. या वेळी मी गप्प बसलो.

उलट्या बाजूनंही जाऊ नका. काही येत नाही, काही कळत नाही, असं रडगाणं लावलंत आणि पोरानं टेबलावरचं पेन उचलून रेघोट्या मारल्या, तर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास राहत नाही. फिट येत असेल, रात्री किंचाळत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. त्या अर्ध्या तासात पोरगं नेमकं शहाण्यासारखं वागतं.

प्रमाणपत्र देण्याची मुदत नियमानं तीन महिने. आमचं त्याच्या आत पोर्टलवर आलं, डाउनलोड केलं. ७५ टक्के, म्हणून कार्ड पिवळं. ४० च्या खाली पांढरं, ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं. टक्के पटले नाहीत तर भांडू नका, लेखी अपील करता येतं.

आता काय मिळतं. माझ्या खात्यातलं आधी: साध्या एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या एका माणसाला ५० टक्के. ही दुसरी सवलत लोक मागतच नाहीत. रेल्वेला मात्र वेगळा छापील नमुना लागतो, त्यावर सरकारी डॉक्टरांची सही आणि शिक्का. तो नमुना बोर्डाच्या दिवशीच बरोबर न्या, नाहीतर एका सहीसाठी पुन्हा हेलपाटा.

तहसीलला संजय गांधी निराधार योजनेची शाखा असते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून अनुदान महिना २,५०० झालंय. मुलाच्या पगारामुळं आम्ही त्यात बसलो नाही. पण त्याच पगारावर आयकरात (१९६१ च्या कायद्याचं कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. मुख्य अट म्हणजे करप्रणाली जुनी निवडलेली हवी. ग्रामपंचायतीनंही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, कागदावर उत्तर मागा.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला तो निरामय आरोग्य विमा, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व या चारांनाच मिळतो. वर्षाला एक लाखापर्यंत कवच, आधी तपासणी नाही, वयाची अट नाही. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि बाकीच्यांना ५०० रुपये. त्यात स्पीच थेरपीचीही काही बिलं बसतात, म्हणून पक्कं बिल, सही-शिक्क्यासह, त्याच दिवशी घ्या. दोन महिन्यांनी मागायला गेलं की थेरपीवाले तोंड वाकडं करतात.

एवढ्या लहान मुलाचं प्रमाणपत्र कायमचं देत नाहीत, त्यावर मुदतीची तारीख असते. ती आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय, कार्डाच्या नंबराशेजारी. वही सूनबाई अजून लिहिते, रोज नाही, आठवड्यातनं एकदा. परवा मी चाळली तर एका पानावर बटणांचं लिहिलं होतं: 'खालचं एक स्वतः. बाकीची आजोबांनी.'